शिकारीच्या धनुष्याला कुठली रेस्ट लावावी?

धनुष्याच्या दुकानात गेलात की विक्रेता वेगाबद्दल अर्धा तास बोलतो, साइटबद्दल (नेम धरायच्या खुणेबद्दल) पंधरा मिनिटं, आणि रेस्टचा विषय निघतो बिल करताना. "ही टाका, सगळे हीच घेतात." मीही तशीच घेतली होती. दोन काट्यांवर बाण टेकवायचा, साधी, स्वस्त. मिशिगनमधला माझा पहिला हंगाम, नोव्हेंबरची पहाट, झाडावरच्या मचाणात दीड तास बसून बोटं बधिर झालेली. अठरा यार्डांवर मादी हरीण आलं. मी दोरी ओढायला घेतली, हात थरथरला, बाण काट्यांवरून घसरला आणि धनुष्याच्या ॲल्युमिनियमच्या दांड्यावर आपटला. टण्ण! पुढच्या क्षणाला फक्त पांढरी शेपटी दिसली, झाडीत शिरताना.

रेस्ट म्हणजे बाण दोरीला लावल्यापासून सुटेपर्यंत त्याचा पुढचा भाग जिथे टेकतो तो आधार. तिला दोनच कामं. बाण सुटेपर्यंत त्याला धरून ठेवायचं, आणि सुटला की त्याच्या वाटेतून बाजूला व्हायचं. गोम अशी की ही दोन कामं एकमेकांच्या विरुद्ध आहेत. जी रेस्ट बाणाला घट्ट धरते ती त्याला घासते, आणि जी अजिबात घासत नाही तिच्यावरून बाण घसरतो. मैदानावरचा तिरंदाज दुसऱ्या कामाला महत्त्व देतो. शिकाऱ्याने आधी पहिलं काम पाहावं, असं माझं मत आहे, आणि पुढचं सगळं त्याच मताने लिहिलंय.

एक गोष्ट आधीच सांगतो. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. हा लेख अमेरिकेत राहून परवाना काढून, हंगामात शिकार करू पाहणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे. उदाहरणं मिशिगनची, कारण मला तेच ठाऊक आहे. इथे १ जानेवारी १९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्याला शिकारीच्या परवान्यासाठी आधी हंटर सेफ्टीचा कोर्स करावा लागतो. तुमच्या राज्याचे नियम वेगळे असतील, ते तिथल्या खात्याच्या पुस्तिकेत बघून घ्या.

पहिली पायरी: दोरी कशाने सोडता?

रेस्ट बघण्याआधी स्वतःचा हात बघा. दोरी बोटांनी सोडत असाल तर ती बोटांवरून घरंगळत सुटते, आणि तिच्या धक्क्याने बाण आडवा लवतो, डावीकडे-उजवीकडे नागमोडी होत निघतो. त्याला बाजूने टेकू लागतो. म्हणून साध्या रिकर्व्ह धनुष्यावर (टोकं पुढे वळलेलं, चाकं नसलेलं) शेल्फवरच, म्हणजे मुठीच्या वरच्या सपाट कडेवर, केसाळ कापड चिकटवून बाण ठेवतात, नाहीतर छोटी चिकटपट्टीची रेस्ट आणि बाजूला स्प्रिंगचं बटण लावतात. तुमचं धनुष्य तसलं असेल तर बाकीचा लेख वाचायची फारशी गरज नाही. शेल्फवर कापड चिकटवा आणि सरावाला लागा.

बहुतेक नवे शिकारी मात्र कंपाऊंड धनुष्य घेतात. टोकांना चाकं असलेलं ते, ज्याचं पेटंट मिसुरीच्या हॉलेस विल्बर ॲलनना १९६९ मध्ये मिळालं. हे धनुष्य मनगटाला बांधलेल्या रिलीजच्या, म्हणजे दोरी पकडून ठेवणाऱ्या आकड्याच्या, घोड्याने सोडतात. तेव्हा दोरी सरळ सुटते आणि बाण लवतो तो मुख्यतः वर-खाली. त्यामुळे आधार खालून असला तरी चालतो. पुढच्या सगळ्या रेस्ट या जातीच्या धनुष्यासाठी आहेत.

दुसरी पायरी: बसणार कुठे आणि चालणार किती?

हा प्रश्न दुकानदार विचारत नाही, म्हणून स्वतःच विचारा. मचाणात बसणार असाल तर बाण तासन्‌तास दोरीला लावलेला राहील आणि धनुष्य खिळ्याला टांगलेलं किंवा मांडीवर आडवं असेल. जमिनीवरच्या कापडी तंबूत बसणार असाल तर जागा अपुरी, धनुष्य तिरपं धरावं लागेल. चालत जाऊन शिकार करायची तर काटेरी झुडपातून, ओणवं होऊन जावं लागेल. तिन्ही ठिकाणी धनुष्य सरळ उभं फार थोडा वेळ असतं. तिरपं, आडवं, प्रसंगी उलटं झालं तरी बाण जागचा हलता कामा नये. दुकानात रेस्ट हातात घेतलीत की बाण लावून धनुष्य आडवं करून बघा. लोक काय म्हणतील याची पर्वा करू नका.

आता आवाजाचं गणित. वीस यार्ड म्हणजे साठ फूट. आवाज सेकंदाला साधारण ११०० फूट जातो, शिकारीचा बाण साधारण २७० फूट. म्हणजे दोरीचा आवाज हरणाच्या कानावर ०.०५ सेकंदात पोचतो आणि बाणाला ०.२२ सेकंद लागतात. मधल्या वेळात सावध हरीण पाय दुमडून खाली दबतं आणि बाण वरून जातो. सुटायच्या आधीच रेस्टवर खरखर झाली तर हरीण अगोदरच सावध असतं. म्हणून सेकंदाला पाच-सात फूट वेग कमी-जास्त होण्यापेक्षा रेस्टचा आवाज महत्त्वाचा. पाकिटावर मात्र वेग छापलेला असतो, आवाज नाही.

तिसरी पायरी: जाती ओळखा

काट्यांच्या रेस्टबद्दल वर सांगितलंच. स्वस्त आहे, अंगणातल्या सरावाला ठीक. शिकारीला घेऊ नका.

ब्लेड रेस्ट म्हणजे स्प्रिंगच्या पोलादाची पातळ पट्टी, टोकाला इंग्रजी व्हीसारखी खाच. मैदानावरच्या कंपाऊंडवाल्यांची ही लाडकी. २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत अदिती स्वामी आणि ओजस देवतळे यांनी कंपाऊंडची वैयक्तिक सुवर्णपदकं जिंकली, तेव्हापासून आपल्याकडे कंपाऊंड शिकणारी पोरं वाढली आहेत. त्यांतलं कुणी शिकायला इकडे आलं आणि शिकारीकडे वळलं, तर त्याची पहिली चूक ठरलेली: हाताची सवय म्हणून ब्लेडच लावायची. मैदानात धनुष्य सरळ असतं, वारा आला तर थांबता येतं, बाण पडला तर उचलून पुन्हा लावता येतो. मचाणात यांतलं काहीच जमत नाही.

उरल्या दोन, आणि खरी निवड या दोघींतच आहे.

पहिली व्हिस्कर बिस्किट. नाव खाऊचं, पण वस्तू ब्रशची. गोल कडं, त्यात चहूबाजूंनी आत वळलेले ताठ केस, मधोमध बाणाच्या जाडीचं भोक, आणि बाण आत सरकवायला एका बाजूला फट. बाण एकदा आत गेला की धनुष्य उलटं करून हलवलंत तरी पडत नाही. हलणारा एकही भाग नाही, त्यामुळे बिघडायला काही नाहीच. नव्याला मी डोळे झाकून हीच सांगतो. किंमतही साधारण चाळीस ते साठ डॉलरच्या घरात.

तिचे दोष आहेत, पण माहीत असले की सांभाळता येतात. बाण सुटताना शेपटीची प्लास्टिकची पिसं त्या केसांतून घासत जातात. म्हणून पिसं आखूड आणि ताठ घ्या, दोन इंचांची. खऱ्या पिसांचे बाण हिच्यातून मारू नका, चार दिवसांत कोंबडी सोलल्यासारखे दिसतील. कड्यातल्या केसांत तळाचे अधिक ताठ असतात, बाणाचं वजन त्यांच्यावर असतं. म्हणून तीन पिसांच्या बाणाचं वेगळ्या रंगाचं पीस वर ठेवा, म्हणजे खालची दोन त्या ताठ केसांच्या दोन्ही अंगांनी निघून जातात. कड्याचं माप बाणाच्या जाडीनुसार मिळतं. बारीक बाणाला मोठं कडं घेतलंत तर बाण आत डुगडुगतो. आणि सगळ्यात मोठा दोष गारठ्याचा. पाऊस पडून वर थंडी पडली की केसांत बर्फ धरतो, बाण ओढताना करकरतो. अशा दिवशी मी कड्यावर जुना पायमोजा चढवून मचाणात जातो आणि बसल्यावर काढतो. दिसायला गबाळं, पण उपयोगी.

दुसरी ड्रॉप-अवे, म्हणजे पडती रेस्ट. बाणाखाली छोटा चिमटा असतो, तो बाण सुटल्यावर खटकन खाली पडतो आणि पिसांना वाट मोकळी करून देतो. घासणं नाही, पिसं कुठलीही चालतात, टोकाला शिकारीचं धारदार पातं लावलेला बाणही जास्त सरळ जातो. किंमत साधारण शंभरापासून अडीचशे डॉलरपर्यंत. हिच्यात दोन घराणी आहेत आणि फरक दोरीचा आहे: चिमटा वर-खाली करणारी ती बारीक दोरी कशाला बांधली आहे?

केबलला, म्हणजे मुख्य दोरीखेरीज दोन्ही चाकांकडे जाणाऱ्या जाड दोऱ्यांपैकी एकीला, बांधली असेल तर धनुष्य ओढताना केबल खाली जाते, दोरी ताणली जाते आणि चिमटा वर उठतो. यातल्या काही रेस्ट, उदाहरणार्थ क्यूएडी कंपनीची अल्ट्रारेस्ट, अंगठ्याने आधीच वर करून अडकवता येतात. वर आडवी पट्टी असते, बाण पिंजऱ्यात बसल्यासारखा राहतो. हरीण वळलं म्हणून ताण सावकाश सोडावा लागला तरी चिमटा वरच राहतो. हे फार सोयीचं आहे.

धनुष्याच्या हाताला बांधली असेल तर काम उलटं. धनुष्याचा हात म्हणजे मुठीच्या वरचा किंवा खालचा वाकणारा भाग, त्याला इंग्रजीत लिम्ब म्हणतात. गॅरेजमध्ये मी फोनवर आईशी बोलताना "लिंबाला दोरी बांधतोय" म्हणालो तेव्हा तिला वाटलं दारावर लिंबू-मिरची टांगतोय. असो. चिमट्यात स्प्रिंग असते आणि तिचा कल नेहमी वर उठण्याकडे. धनुष्य सैल असताना लिम्ब दोरी खेचून त्याला खाली दाबून ठेवतं. ओढलं की लिम्ब आत वाकतं, दोरी सैल पडते आणि चिमटा आपोआप वर येतो. बाण सुटल्यावर लिम्ब परत बाहेर येतं तेव्हा चिमटा खाली ओढला जातो, म्हणजे बाणाला आधार जास्त अंतरापर्यंत मिळतो. हॅमस्कीया आणि व्हेपर ट्रेल या कंपन्यांच्या रेस्ट या घराण्यातल्या. मला हे घराणं आवडतं, त्याचं कारण एकच: दोरी तुटली तर चिमटा वरच राहतो. पिसं थोडी घासतील, पण बाण निघेल. केबलवाल्या साध्या रेस्टची दोरी तुटली तर चिमटा उठतच नाही आणि तुम्ही मचाणात बसून नुसते बघत राहता.

माझा सल्ला असा. पहिली दोन वर्षं बिस्किट. हात बसला, स्वतः स्क्रू फिरवायची भीड गेली, मग लिम्बवाली ड्रॉप-अवे. पहिल्याच वर्षी महागडी ड्रॉप-अवे घेणाऱ्याला ती बिघडली की काय बिघडलं तेच कळत नाही, आणि ऐन हंगामात दुकानात रांग असते.

चौथी पायरी: आपल्या धनुष्याला बसेल का?

धनुष्याच्या मधल्या दांड्याला रायझर म्हणतात. त्याच्या बाजूला रेस्टसाठी ५/१६ इंचाची आट्यांची भोकं असतात. त्यांना बर्गर होल म्हणतात, अमेरिकी तिरंदाज व्हिक बर्गर यांच्या नावावरून. जवळपास प्रत्येक रेस्ट इथे बसते. नव्या काही धनुष्यांत रायझरच्या मागच्या अंगाला खाचेत सरकवायची सोय असते, तिच्यासाठी रेस्ट वेगळी मिळते. धनुष्य जुनं, सेकंडहँड असेल तर ती घेऊ नका, बसणार नाही.

उजवा-डावा नीट बघा. बहुतेक रेस्ट एकाच हाताच्या असतात, आणि सवलतीत ठेवलेली रेस्ट बरेचदा डावखुऱ्याची निघते. केबलची दोरी काही रेस्टमध्ये केबलच्या धाग्यांतून ओवावी लागते. त्यासाठी धनुष्य प्रेसमध्ये दाबून सैल करावं लागतं. हे काम दुकानातच करून घ्या. घरी लाकडाच्या फळ्या आणि दोरखंडाने लिम्ब वाकवायचा उद्योग करू नका, सुटलेलं लिम्ब दात पाडतं. स्क्रूच्या क्लॅम्पने केबलला धरणारा प्रकार घरी बसतो, पण तो हळूहळू सरकतो. तो बसवलात की केबलवर क्लॅम्पच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या मार्करने खूण करा. खूण उघडी पडली की समजा तो सरकला.

पाचवी पायरी: बसवणं

धनुष्य आडवं टांगा, बाण लावा आणि वरून बघा. बाणाचा दांडा बर्गर होलच्या मध्यावरून जाताना दिसला पाहिजे, आणि दोरीशी काटकोनात असला पाहिजे. मग रायझरच्या आतल्या भिंतीपासून बाणाच्या मध्यापर्यंत माप घ्या. बऱ्याच धनुष्यांना १३/१६ इंच, म्हणजे साडेवीस मिलिमीटरच्या आसपास चालतं. तुमच्या धनुष्याच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तो घ्या. ही फक्त सुरुवातीची जागा आहे, खरी जागा बाणच सांगतो.

स्क्रूला निळा लॉकटाइट (आटे सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावा. लाल नको, तो नंतर गरम केल्याशिवाय सुटत नाही. माझी एक रेस्ट दुकानातून बसवून आणलेली आठवड्याभरात सैल झाली. मी मात्र तोपर्यंत साइट सरकवत बसलो होतो, हात बिघडला असं समजून. तेव्हापासून ॲलन की खिशात असते.

आणखी एक गोष्ट बोटांच्या भल्याची. पूर्ण ताणल्यावर बाणाचं पातं रेस्टच्या आणि मुठीवरच्या बोटांच्या पुढे राहिलं पाहिजे. बाण आखूड कापलेले असतील तर हे आधी तपासा, पातं लावायच्या आधी.

सहावी पायरी: तपासणं

आधी पिसं कुठे लागतात का ते. पायाला मारायच्या पावडरचा स्प्रे मिळतो, तो पिसांवर आणि रेस्टवर मारा आणि जवळच्या लक्ष्यावर एक बाण सोडा. पांढऱ्यावर जिथे ओरखडा दिसेल तिथे ते लागतंय. बिस्किटात सगळीकडेच पुसलं जाणार, तिथे ही चाचणी फुकट. ड्रॉप-अवेत ओरखडा दिसला तर चिमटा उशिरा पडतोय. साध्या केबलवाल्याचा चिमटा ओढीच्या शेवटच्या एक-दोन इंचांत पूर्ण वर यावा. त्याआधीच आला तर दोरी थोडी सैल करा. लिम्बवाल्याचा मात्र मध्यावरच वर येतो, तो दोष नव्हे.

मग कागद. लाकडी चौकटीवर पार्सलचा तपकिरी कागद ताणून लावा, मागे चांगलं जाड लक्ष्य, आणि सहा-सात फुटांवरून मारा. कागदात टोकाचं गोल भोक आणि पिसांच्या तीन चिरा एकाच जागी आल्या तर उत्तम. शेपटीची चीर भोकाच्या वर गेली असेल तर रेस्ट किंचित वर न्या, डावीकडे गेली असेल तर डावीकडे. शेपटी जिकडे, रेस्ट तिकडे, एवढं लक्षात ठेवा. एका वेळी १/३२ इंच, म्हणजे मिलिमीटरहून कमी. कागदावर दर वेळी पेनने तारीख आणि हलवलेलं माप लिहा, नाहीतर तासाभराने आपण कुठून निघालो तेच आठवत नाही. आणि तीन बाणांनी तीन वेगवेगळ्या चिरा दिल्या तर रेस्टला हात लावू नका, दोष मुठीच्या पकडीचा आहे. तिथे मी दोन शनिवार वाया घालवलेत.

शेवटची चाचणी पात्याच्या बाणाची, पात्यांसाठीच्या फोमच्या लक्ष्यावर. वीस यार्डांवरून एक बाण साध्या टोकाचा, एक पात्याचा, दोघांचं वजन सारखं. पात्याचा बाण डावीकडे लागला तर रेस्ट उजवीकडे सरकवा, खाली लागला तर वर. पात्याच्या बाणापासून साध्याकडे जी दिशा तीच रेस्टची. दोन्ही एकत्र पडायला लागले की मग साइट लावा. उलटा क्रम केलात तर दोन्ही कामं दुसऱ्यांदा करावी लागतील.

सातवी पायरी: हंगामाआधी

मिशिगनमध्ये धनुष्याचा हंगाम १ ऑक्टोबरला उघडतो, दसरा त्याच्याच आगेमागे येतो. आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं पुसून पाटावर मांडतात, तसं मीही धनुष्य मांडतो, आणि हळद-कुंकू लावायच्या आधी रेस्टची दोरी नखाने खरवडून बघतो. तंतू सुटलेले दिसले की दोरी बदलायची. बिस्किटाचे तळाचे केस खाली बसून भोक लांबट झालं असेल तर कडं बदलायचं. चिमट्याच्या आतल्या बाजूला आणि शेल्फवर मखमली चिकटपट्टी असते, ती उखडली की बाण घासून आवाज करतो, म्हणून तीही नवी.

मग हिवाळ्याचं जाड जाकीट, हातमोजे, डोक्यावर टोपी, असं सगळं चढवून अंगणात खुर्चीवर बसतो आणि अंधार पडता पडता बाण लावून बघतो, न बघता, फक्त हाताने. बाण कड्यात शिरताना किंवा चिमट्यात बसताना खुट्ट वाजलं तर पुन्हा. बाहीचं टोक रेस्टच्या दोरीत अडकतं का, तेही याच वेळी कळतं. गेल्या वर्षी अडकलं. आता डाव्या बाहीवर रबर बँड चढवतो.